म्हाताऱ्या हॅनराहनची हर्ली

१

हिरवं कापड ओढलं आणि काचेची पेटी रिकामी निघाली.

आत मखमल होती, मखमलीत काठीच्या आकाराचा खळगा होता, खाली पितळी पाटीवर ‘काउंटी क्लेअर, १९५५’ ही अक्षरं होती. काठी तेवढी नव्हती. काच शाबूत, कुलूप लावलेलं. मी काच पुसायचं फडकं हातात धरून तसाच उभा राहिलो. शेजारी क्लबची सेक्रेटरी मॉरीन क्विन, तिच्या पलीकडे आमचा कॅप्टन सिद्धेश, तळहाताला बँडेज बांधलेला. आणि मागे चेअरमन डेक्लन हॅनराहन. पंचाहत्तरीचा, पण अजून दारातून आत यायचं तर खांदा तिरका करावा लागणारा गडी. पेटीतली काठी त्याच्या बापाची.

“शनिवारपर्यंत थांबायचं होतं, बॉल,” तो म्हणाला. तेवढंच बोलला.

माझं नाव बाळ. आयरिश जिभेवर त्याचा बॉल झाला, आणि ज्या खेळात बॉलला इतका मार पडतो तिथे हे नाव घेऊन मी चौतीस वर्षं काढली. मिशिगनमधल्या केल्सीज लँडिंग या गावात नदीकाठी सेंट फिनियन्स हर्लिंग आणि गेलिक फुटबॉल क्लब आहे. पलीकडच्या काठाला कॅनडा. एकाहत्तर साली मी हा खेळ पहिल्यांदा पाहिला तेव्हा दंगल समजून पोलिसांना फोन करायला धावलो. परत येतो तो इन्स्पेक्टर गोलमध्ये उभा! चौऱ्याहत्तरच्या वादळात आमच्या एका पोराने असा टोला हाणला की बॉल कॅनडात पडला आणि वसंत ऋतूत ड्यूटी भरून परत आला. लोक विश्वास ठेवत नाहीत. ड्यूटी मी स्वतः भरली आहे.

हर्लिंगची काठी म्हणजे हर्ली. ॲश नावाच्या झाडाची, हॉकी स्टिकसारखी, पण तोंड पसरट आणि त्यावर पत्र्याची पट्टी. पेटीतली हर्ली डेक्लनच्या बापाने आयर्लंडमधल्या क्लेअरहून बोटीतून आणली आणि तिच्यावर क्लब उभा केला. बाप गेला तेव्हा डेक्लनने नियम केला: या काठीला जो हात लावील तो जन्मभरासाठी क्लबबाहेर. त्याच्या सख्ख्या मेव्हण्याने एकदा क्लबहाउसात शिरलेला स्कंक, म्हणजे भयंकर घाण वास सोडणारा एक प्राणी, हाकलायला ती उचलली. मेव्हणा गेला. स्कंक मात्र दोन दिवस राहिला.

आता क्लबाला पन्नास वर्षं झाली होती. शनिवारी समारंभात पेटीवरचं कापड निघायचं होतं, रविवारी फायनल होती. मी गुरुवारीच काच पुसायला घेतली, हा माझा आगाऊपणा.

“किल्ल्या दोनच,” मॉरीन म्हणाली. ही बाई तीस वर्षं शाळेची प्रिन्सिपल होती, आवाजातून छडी अजून गेली नव्हती. “एक डेक्लनच्या गळ्यात. दुसरी कॅप्टनकडे.”

सगळे सिद्धेशकडे बघायला लागले.

“काका, सिरीयसली,” तो मलाच म्हणाला, “मी टच पण नाही केली.”

मॉरीन आत किचनमध्ये गेली आणि सिंकखालून एक पांढरा टॉवेल चिमटीत धरून घेऊन आली. टॉवेलवर लालभडक डाग होते. तिने एकदा डागांकडे पाहिलं आणि एकदा सिद्धेशच्या बँडेजकडे.

२

सिद्धेश नागपूरचा. जवळच्या ट्रॉय शहरातल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर करायचा. तीन वर्षांपूर्वी मी त्याला आणि त्याच्या मित्रांना क्रिकेटमधून फोडून इकडे आणलं, कारण आयरिश पोरं शिकून शिकागोला जायला लागली होती आणि तेरा जणांची टीम भरेना. आता तेरात सात आपले. गल्लीत शिकलेलं सगळं इथे कामाला येतं, फक्त काठी धरताना हात उलटे पडतात. सिद्धेश इतका चांगला निघाला की यंदा मतदान घेऊन त्यालाच कॅप्टन केलं.

मॉरीनने निकाल जाहीर केला: शनिवारच्या सभेपर्यंत खुलासा झाला नाही तर नियम लागू. सिद्धेश बाहेर, नावामागे चोर हा शिक्का, आणि रविवारची फायनल त्याच्याशिवाय. बाकीची सहा पोरं त्याच्यामागून गेली असती, हे मला स्वच्छ दिसत होतं. पण त्या क्षणी मी क्लबचा विचार करत नव्हतो. पोराचा चेहरा बघवत नव्हता.

मी टॉवेल प्लास्टिकच्या पिशवीत घालून घरी नेला, कारण घरी शैलजा होती.

शैलजा माझी धाकटी बहीण. मुंबईत कस्टममध्ये होती. आयुष्य लोकांच्या बॅगा उघडण्यात गेलं. रिटायर होऊन माझ्याकडे सहा महिने राहायला आली, आणि पहिल्याच आठवड्यात माझ्या फ्रीजमधून डॉक्टरांनी बंद केलेलं चीज शोधून काढलं.

“रक्त,” मी टॉवेल पसरून म्हणालो. “माझी थिअरी अशी, की कॅनडाहून बोटीतून एक टोळी...”

“दादा, गप्प बस.” तिने चष्मा लावला, डाग नाकाशी नेला. “पोराला लागलं कधी?”

“रविवारी, सेमीफायनलमध्ये. शेवटच्या मिनिटाला. टाके घालायला थेट हॉस्पिटलात नेला.”

“म्हणजे रविवारचं रक्त गुरुवारी इतकं लालबुंद? रक्त वाळलं की काळं पडतं, एवढं तरी माहिताय ना?”

ती उठली, फ्रीजमधून लिंबू काढलं आणि टॉवेलच्या कोपऱ्यावर पिळलं.

लाल डाग बघता बघता पिवळा झाला.

“हळद,” शैलजा म्हणाली. “हळदीला साबण लागला की लाल होते, आंबट लागलं की पुन्हा पिवळी. आईने तुझ्या किती शर्टांवर रडून घेतलंय.”

मी आनंदाने टाळी वाजवली. “म्हणजे सिद्धेश सुटला!”

“सुटला?” तिने माझ्याकडे कस्टमच्या नजरेने पाहिलं. “अरे, आत्तापर्यंत बोट एकाकडे होतं. आता सगळ्या मराठी माणसांकडे झालं. त्या क्लबात हळद कोणाच्या घरातून येणार?”

३

शुक्रवारी मी सुट्टी घेतली असं लिहिलं असतं, पण मला रिटायर होऊन सात वर्षं झाली होती. शैलजाला गाडीत घातलं आणि निघालो.

तिची एक पद्धत होती. बॅग उघडायच्या आधी प्रवाशाला एकदा विचारायचं, “जाहीर करण्यासारखं काही आहे?” नाही म्हणाला तरच चेन ओढायची. हाच प्रश्न तिने त्या दिवशी सगळ्यांना विचारला.

पहिला चारुदत्त. हा ट्रॉयमध्ये क्रिकेट लीग चालवायचा, आणि मी त्याचे सात खेळाडू पळवल्यापासून दिवाळीच्या कार्यक्रमात माझ्या टेबलावर बसत नव्हता.

“जाहीर काय करायचंय मावशी? बाळकाकांनी माझी टीम चोरली, हे जाहीर करा!” तो म्हणाला. “मला ती काठी कशाला? माझ्याकडे बॅटी कमी आहेत का? हां, क्लब बुडाला तर पोरं परत येतील, हे खरंय. पण यार, चोरी?”

“रविवारी मॅचला तू होतास म्हणे.”

“होतो. पोरांना लीगचं सांगायला गेलो होतो. लाइनवर कॉफी घेऊन उभा होतो. काय तो खेळ! दर पाच मिनिटाला काठी मोडते. शेवटी शेवटी बॅग रिकामी झाली, पोरं एकमेकांकडे काठ्या मागत होती. आणि तुमचा चेअरमन? शेवटच्या दहा मिनिटांत तो स्वतःसुद्धा लाइनवर नव्हता. इतका विश्वास टीमवर!”

“परत आला का?”

“सिद्धेशचा गोल झाला तेव्हा होता. नाचत होता.” चारुदत्त माझ्याकडे वळला. “काका, माझ्याकडे त्या पेटीची किल्ली नाही. संशय घ्यायचाच तर जरा अभ्यास करून घ्या.”

मॉरीन तिच्या बागेत रेकने पानं ओढून गोळा करत होती. तिने रेक बाजूला ठेवला नाही.

“मला जाहीर करायचंय ते हे, की क्लबहाउसात शिस्त राहिलेली नाही. तुमच्या मुलांच्या डब्यांचा वास मंगळवारपर्यंत जात नाही. आणि भांडी घासायचा साबण! सोमवारी मी नवी बाटली आणून ठेवली. गुरुवारी सकाळी बघते तर निम्मी संपलेली. सिंकखाली तो टॉवेल. बुधवारच्या प्रॅक्टिसनंतर सिंक वापरणारा माणूस कोण, हे तुम्ही मला सांगा.”

“तुम्हाला आमची मुलं आवडत नाहीत का?” शैलजाने सरळ विचारलं.

मॉरीनने रेक रोवला. “बाई, मला नियम आवडतात. या क्लबात दुसरं काही टिकलेलं नाही.”

गाडीत बसल्यावर मी माझी टोळीची थिअरी पुन्हा काढली. तिने रेडिओ लावला.

“सिद्धेशच्या घरी हळद कोण वापरतं?” तिने थोड्या वेळाने विचारलं.

“त्याची आई आलीय ना नागपूरहून. नीलांबरीबाई.”

“मग तिकडे घे गाडी,” ती म्हणाली. “आणि तिथे तोंड उघडू नकोस.”

४

नीलांबरीबाईंनी आधी पोहे पुढे ठेवले, मग रडायला लागल्या. सिद्धेश खिडकीशी उभा होता.

“माझा पोरगा चोर? लहानपणी शेजाऱ्यांच्या अंगणातला बॉलसुद्धा विचारून आणायचा हो!”

“आई, प्लीज.”

“जाहीर करण्यासारखं काही आहे?” शैलजाने दोघांकडे बघून विचारलं.

“मावशी, काहीच नाही. उलट मीच एकदा डेक्लनला म्हटलं होतं, काठी बाहेर काढून टीमचा फोटो घेऊ या. तो इतका भडकला! तेव्हापासून मी पेटीकडे बघत पण नाही. माझी किल्ली इथे घरीच, किचनच्या ड्रॉवरमध्ये होती.”

“रविवारी गोल कुठल्या काठीने मारलास?”

तो खिडकीपासून वळला. “माझ्या दोन्ही मोडल्या होत्या. मी लाइनकडे धावलो आणि हात मागे केला. आमच्यात तसंच करतात. नजर बॉलवर ठेवायची, काठी कोणीतरी हातात देतं. देणाऱ्याकडे कोणी बघत नाही, बघितलं की बॉल गेला. ती काठी जड होती. तोंड अरुंद. वाटलं, कुठल्यातरी जुन्या मेंबरची असेल. पण काय बसला शॉट! लगेच मागून एकाने माझ्या हातावर काठी घातली. मग डायरेक्ट इमर्जन्सी.”

“आणि बॅग?”

“पोरांनी सगळ्या काठ्या भरल्या आणि इथे गॅरेजमध्ये आणून टाकली. बुधवारी मी प्रॅक्टिसला गेलोच नाही. बाळकाका बॅग क्लबात घेऊन गेले.”

शैलजाने माझ्याकडे पाहिलं. मी पोह्यांकडे पाहिलं.

“मंगळवारी खंडेनवमी होती,” ती सावकाश म्हणाली. “नीलांबरीताई, पूजा कसली केलीत?”

बाईंनी डोळे पुसले. “अहो, इथे शस्त्रं कुठली आणायची? सुरी, विळी, ह्याचा कॉम्प्युटर. मग म्हटलं, पोरगा ज्याने खेळतो त्याला तरी हळदकुंकू लावावं, रविवारी एवढं लागलंय त्याला. गॅरेजमध्ये जाऊन बॅगेतल्या सगळ्या काठ्यांना लावलं. आणि त्यात एक फार जुनी होती, काळपट, पट्टीला खिळे मारलेली. ती थोरली म्हणून तिला आधी लावलं, चांगलं भरपूर.”

सिद्धेशचा चेहरा पांढरा पडला.

चोरीची काठी तीन दिवस त्याच्याच गॅरेजमध्ये होती आणि साक्ष द्यायला त्याची आईच बसली होती. वर ती क्लबापर्यंत पुन्हा वाहून नेणारा हमाल मी.

“हे मॉरीनला कळलं तर संपलं, काका,” तो म्हणाला.

५

डेक्लन हॅनराहन पोर्चवर झुलत्या खुर्चीत बसला होता. समोर त्याचा पिकअप ट्रक उभा होता. त्याने आम्हाला बसा म्हटलं नाही. आम्ही बसलो. बोलणं अर्थात इंग्रजीत झालं. शैलजाचं इंग्रजी सरकारी, त्याचं क्लेअरचं. मध्ये मी.

“जाहीर करण्यासारखं काही आहे, मिस्टर हॅनराहन?”

“नाही, मॅडम.”

तिने मान डोलावली आणि चेन ओढली.

“काठी बुधवारी गेली असं सगळे समजतात, कारण टॉवेल गुरुवारी सापडला. पण मंगळवारी ती सिद्धेशच्या गॅरेजमध्ये होती, त्याच्या आईने तिची पूजा केली. म्हणजे पेटीतून ती त्याआधी निघाली. पेटीवर कापड होतं, त्यामुळे कोणाला कळलं नाही. ती सामन्यात खेळली गेली. त्या मुलाने जड, अरुंद काठीने गोल मारला, तीच ती. आता सामना चालू असताना पेटी किल्लीने कोणी उघडली? सिद्धेश मैदानात होता, त्याची किल्ली घरी. राहिली एक किल्ली.”

डेक्लनचा हात गळ्याकडे गेला आणि परत आला.

“चारुदत्त म्हणतो, शेवटी चेअरमन लाइनवर नव्हते. त्याला वाटलं, तुम्ही निराश होऊन गेलात.”

“आणि रक्त?” डेक्लन जड आवाजात म्हणाला. “त्या मुलाच्या हाताचं रक्त काठीवर होतं. मी... लोक म्हणतात.”

“रक्त नव्हतं. हळद होती. बुधवारी काठीवर पिवळं आणि लाल काहीतरी दिसलं तेव्हा ती धुवावी असं एकाच माणसाला वाटलं. आमच्यातल्या कोणी धुतली नसती. पूजेची हळद आम्ही कोरड्या फडक्याने पुसतो, आणि साबणाने लाल झाली तरी घाबरत नाही. आमच्या घरात ते रोजचं आहे. हा माणूस घाबरला. जितका साबण लावला तितकी काठी लाल होत गेली. निम्मी बाटली संपवली त्याने. त्याला वाटलं असेल, बापाची काठी रक्त ओकतेय.”

खुर्ची झुलायची थांबली.

“आणि गुरुवारी माझ्या भावाने कापड ओढलं, तेव्हा बाकीच्यांनी रिकामी पेटी पाहिली. तुम्ही म्हणालात, शनिवारपर्यंत थांबायचं होतं. ज्याची वस्तू गेली तो असं बोलत नाही. काठी स्वच्छ करून परत ठेवायला ज्याला दोन दिवस हवे होते, तो असं बोलतो.”

वाऱ्याने मेपलची पानं ट्रकच्या काचेवर आणून टाकली. डेक्लन उठला. मला वाटलं आता तो काही सांगेल.

“सभा उद्या सहाला आहे,” तो म्हणाला, आणि आत जाऊन त्याने दार लावून घेतलं.

“शैलू, बोलला नाही तर?”

“काउंटरपर्यंत वेळ द्यायचा असतो, दादा,” ती म्हणाली. “नंतर नाही.”

६

क्लबहाउस खच्चून भरलं होतं. एका टेबलावर बटाट्याचं सूप, दुसऱ्यावर नीलांबरीबाईंचे बटाटेवडे. मधोमध रिकामी पेटी. मॉरीनने नियम वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, “सिद्धेश, तुला काही सांगायचंय?”

डेक्लन पहिल्या रांगेत बसला होता. मान खाली. शैलजा उठायला लागली. मी तिचा पदर धरला. तिने तो सोडवून घेतला. तेवढ्यात सिद्धेशच बोलायला लागला.

“येस. मी काठीला हात लावला. रविवारचा गोल मी त्याच काठीने मारला. तेव्हा मला माहीत नव्हतं, पण नियमात माहीत असण्याबद्दल काही लिहिलेलं नाही.”

हॉलमध्ये गलका झाला. मॉरीनने टेबलावर हात आपटला.

“ती तुला कोणी दिली?”

सिद्धेश डेक्लनकडे बघतही नव्हता. “मी बॉलकडे बघत होतो, मॅम. देणाऱ्याकडे बघायचं नसतं. हे मला इथेच शिकवलंय.”

“कोणी शिकवलं?”

त्याने नकारार्थी मान हलवली.

काठी देणारा कोण, ते त्याला कळलं होतं. आम्ही सांगितलं नव्हतं. सॉफ्टवेअर करतात ही पोरं, दोन किल्ल्यांचं गणित त्यांना काय अवघड?

डेक्लन उठला. खुर्ची मागे पडली. तो कोणाकडे न बघता बाहेर गेला, ट्रकचं दार उघडून आपटल्याचा आवाज आला, आणि परत आला तेव्हा त्याच्या हातात रेनकोटात गुंडाळलेलं काहीतरी होतं. त्याने रेनकोट सोडला. पन्नास वर्षांची काळी काठी तोंडापासून मधल्या भागापर्यंत गुलबक्षी लाल झाली होती.

“मी शिकवलं,” तो म्हणाला. “आणि मीच दिली. आपण दोन पॉइंटने मागे होतो, एका गोलला तीन पॉइंट मिळतात. बॅग रिकामी होती. पोरगा हात मागे करून उभा, आणि माझ्या बापाची काठी मखमलीवर झोपलेली. बाप असता तर त्याने गोलचा खांब उपटून दिला असता. मग ती माझ्या हातात रंग बदलायला लागली, आणि मी भ्यालो. या मुलाला तीन दिवस चोर म्हणवून घेऊ दिलं. मी. पंचाहत्तर वर्षांचा घोडा.”

त्याने गळ्यातली किल्ली काढून मॉरीनसमोर ठेवली. “नियम वाच, मॉरीन.”

“वाचलाय,” मॉरीन म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच बारीक आला. “तू बाहेर. आणि सिद्धेशही. दोघांनी लावलाय हात.”

नीलांबरीबाईंना इंग्रजी बेताचंच. काय चाललंय ते त्यांनी शैलजाला विचारलं, ऐकलं, आणि तरातरा पुढे गेल्या.

“मी पण! आय आल्सो टच!” त्या छातीवर हात ठेवून म्हणाल्या. “फर्स्ट मी. हळद, कुंकू, एव्हरीथिंग!”

लोक हसले. मॉरीन नाही हसली. ती टेबलामागून निघाली, डेक्लनपुढे उभी राहिली आणि नियम आवडणाऱ्या त्या बाईने दोन्ही हात पुढे करून काठी घेतली. नीट, मुठी आवळून.

“आता मीही बाहेर,” ती म्हणाली, आणि काठी पहिल्या रांगेतल्या पहिल्या माणसाकडे दिली.

रांगेरांगेने ती फिरली. आपली पोरं, त्यांची पोरं, सूप ढवळणाऱ्या बायका. चारुदत्त कशाला आला होता कोण जाणे, त्याने बॅटसारखी धरून एक स्ट्रोक खेळून पाहिला आणि सगळ्यांनी त्याला ओरडून हात बदलायला लावले. मी मिशिगनात थापा मारणारा म्हणून प्रसिद्ध आहे, पण ही गोष्ट त्या हॉलमधल्या कोणालाही विचारा. पावणेसातला सेंट फिनियन्स क्लबाला एकही सभासद शिल्लक नव्हता.

रविवारी केल्सीज लँडिंगकडून कुठल्याच क्लबचे नसलेले तेरा जण मैदानात उतरले. सिद्धेश कॅप्टन होता, बँडेजवर ग्लव्ह चढवलेला. डेक्लन लाइनवरून शेवटच्या मिनिटापर्यंत हलला नाही. आम्ही एका पॉइंटने हरलो.